तीननंतरचा वारा

शिवणयंत्र थांबवून तिने टेबलावर खाकी कागद पसरला आणि पेन्सिलीने किनारा काढायला घेतला.

"डांबरी रस्ता इथे संपतो. पुढे पाऊण तास नुसती माती, व्हॅन दुसऱ्या गिअरच्या वर न्यायची नाही. मग वाळूच्या टेकड्या. तिसऱ्या टेकडीमागे गोड्या पाण्याचा झरा आहे. दुकान नाही, दिवा नाही, फोन लागत नाही. मीठ विसरलात तर समुद्र चाटा."

सगळे हसले. टेबलाभोवती चौघं होती: तिचा धाकटा भाऊ, त्याची बायको, तिची शाळेपासूनची मैत्रीण आणि मैत्रिणीचा नवरा. भिंतीशी त्यांची शिडं गुंडाळून उभी होती. शिडं आणि तंबू दुरुस्त करणं हाच तिचा धंदा. ऑपरेशन झालेला उजवा खांदा सांभाळत गेले आठ दिवस ती या शिडांचे उसवलेले काठ शिवत होती. फळीवर शीड उभं करून वाऱ्यावर कसं निघायचं, हे भावाला, मैत्रिणीला आणि तिच्या नवऱ्याला शिकवलं होतं तेही तिनेच. भावजय यंदा शिकली होती. तिची ही पहिलीच खेप.

"झोपायची जागा इथे, उंचावर. आणि आता वाऱ्याचं ऐका..."

"थांब गं ताई, आधी सामान बघू," म्हणत भावाने खिशातून यादी काढली. "तंबू दोन. स्टोव्ह एक. पाण्याचे कॅन सहा. स्लीपिंग बॅगा चार."

"पाच," ती म्हणाली. "माझी माळ्यावर आहे, काढून दे जाताना."

भावाने यादीतून डोकं वर काढलं नाही. "गुरुवारी पहाटे निघायचं, रविवारी..."

"या गुरुवारी?" तिला वाटलं तो चुकून बोलला. "अरे, शुक्रवारी मला खांदा दाखवायला जायचंय. डॉक्टर हो म्हणाले की पुढच्या आठवड्यात निघायचं, असं ठरलं होतं ना?"

मैत्रिणीच्या नवऱ्याला एकाएकी एका शिडाची दोरी फार आवडली. ती तो निरखून बघू लागला.

"तारीख कोणी ठरवली?" तिने विचारलं.

"मी," मैत्रीण म्हणाली. "अगं, सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवताना... लक्षातच राहिलं नाही."

"शुक्रवारचं मी फक्त तुलाच सांगितलं होतं."

मैत्रिणीने भावाकडे पाहिलं. तो मान खाली घालून यादीच्या घड्या घालत होता. तेवढ्यावरून तिला कळलं की त्यालाही माहीत होतं. ऑपरेशननंतर दोन महिने सकाळी येऊन तिची वेणी घालून देणारी ही मैत्रीण. वेणी घालता घालताच तिने विचारलं होतं, शुक्रवारी ना गं तुझं?

"खरं सांगू?" मैत्रीण शेवटी म्हणाली. "रागावू नकोस. तू असलीस की शाळेची सहल वाटते. हे करा, ते करू नका, बाहेर या, बस झालं. आमचीही वयं झाली आता. एकदा तरी मोकळेपणाने जावंसं वाटलं."

"मग तसं तोंडावर सांगायचं."

"तू ऐकलं असतंस?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. सामान भरायला आपली व्हॅन आधीच देईन असं कबूल केलं होतं, म्हणून तिची किल्ली खुंटीवरून काढून भावाच्या हातात दिली. त्याने ती घेतली, पण तिच्या नजरेला नजर दिली नाही. भावजय एकदा नवऱ्याकडे, एकदा नणंदेकडे बघत राहिली. तिला यातलं काहीच माहीत नसावं. नकाशा गुंडाळला गेला. शिडं खांद्यावर घेऊन चौघंही जिना उतरली.

कार्यशाळा रिकामी झाली. ती स्टुलावर बसली. खालून फळ्या बांधल्याचे, दार ओढल्याचे आवाज आले. वाऱ्याचं सांगायचं राहूनच गेलं होतं. राहू दे, तिने मनाशी म्हटलं. मोकळं जायचंय ना, जा मोकळे. कोणी विचारलं तर, मला बोलूच कुठे दिलंत, एवढंच म्हणायचं.

व्हॅन सुरू झाल्याचं ऐकू आलं आणि ती उठली. उजवा हात पोटाशी धरून दोन दोन पायऱ्या उतरली. पायात एकच चप्पल होती.

तिला येताना पाहून भावाने काच खाली केली, पण अर्धीच. भांडायला आली असं त्याला वाटलं असावं.

"तिथे इतर किनाऱ्यांसारखं नाही. तीन वाजेपर्यंत वारा समुद्राकडून येतो," ती धापा टाकत म्हणाली. "तो कसाही असला तरी किनाऱ्यालाच आणून टाकतो. तीननंतर तो उलटा फिरतो. जमिनीकडून सुटतो. पाण्यावर असताना ते कळत नाही, छान वेग आलाय असंच वाटतं. मागे वळून बघेपर्यंत किनारा दिसेनासा होतो. एक जण कायम वाळूवर हवा. त्याने पाण्यात उतरायचंच नाही. घड्याळ बघायचं आणि शिट्टी मारून एकेकाला बाहेर काढायचं. शिव्या खाव्या लागल्या तरी."

मैत्रिणीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खिडकीबाहेर.

"दिवसभर?" त्याने विचारलं.

"दिवसभर. चारही दिवस."

मागच्या सीटवरून भावजय पुढे वाकली.

"ताई, मग इतकी वर्षं कोण थांबायचं वाळूवर?"

मैत्रीण खिडकीतून बाहेर, तिच्याकडे बघत राहिली. इंजिन चालू होतं, भावाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. समोरचा रस्ता मोकळा होता, तरी व्हॅन जागची हलेना.