मग पुढे?

“मोठ्याने बोलू नका. नुसतं ‘हं’ म्हणा, तेवढं पुरे,” हेल्पलाइनवरची ताई म्हणाली.

“हं.”

त्या एका हुंकारावरून ताईने ओळखलं, पोरगी पार भेदरलेली आहे. फोनवर ना चेहरा दिसत, ना हात. जे कळायचं ते श्वासावरून. हेल्पलाइनवर कामाला आलेल्या नव्या मुलींना हे शिकवताना ताई हटकून आपल्या लेकाचं उदाहरण द्यायची. शाळेत असल्यापासून तो तिच्या दिवसभराच्या कटकटी हनुवटीला हात लावून ऐकायचा, आणि ती थांबली की विचारायचा, “मग पुढे?” ऐकावं तर असं! या कौतुकाने ऑफिसचे कान किटले होते. आज सकाळीच त्याचा निरोप आला होता, रविवारी कुणालातरी घेऊन येतो. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

“मारतो का तो?”

“नाही. ऐकतो.” मुलगी कुजबुजत होती. “लग्न व्हायचंय अजून, एकत्र राहतो. सगळ्यांना वाटतं, काय नशीब काढलं हिने! समोर बसतो, नजर हलवत नाही, मान डोलावतो. मध्येच दोन शब्द टाकतो आणि मी आतलं सगळं बोलून मोकळी होते. मग तेच माझ्यावर उलटतं. मैत्रिणीबद्दल बोलले, ती तुटली. कामावरचं गाऱ्हाणं सांगितलं, त्याने साहेबांनाच फोन केला. काल तुमच्याकडे यायचा विचार तोंडातून निसटला. आज बाहेरून कुलूप आहे.”

ताईने पेन उचललं. “पत्ता सांगा. माणसं पाठवते.”

“पाण्याच्या टाकीमागची...” मुलीचा श्वास अडकला. “कुलूप वाजलं.”

“फोन ठेवू नका, संशय येईल. मी तुमची मावशी. गुडघे दुखतायत माझे. हसा.”

मुलगी हसली.

“अगंबाई! मग डॉक्टर काय म्हणाले, मावशी?”

“छान. असंच बोलत राहा. त्याने फोन मागितला तर खुशाल द्या. भल्याभल्यांना गुंडाळलंय मी.”

दार लागलं. पावलं जवळ येऊन थांबली. कुणीतरी काही पुटपुटलं.

“मावशी आहे माझी. बोलतोस?”

फोन हातातून हातात गेला. ताईने घसा खाकरला आणि आवाजात होता नव्हता तेवढा गोडवा आणला.

“काय जावईबापू, बरे आहात ना? आमचं काय, म्हातारपण! या गुडघ्यांनी जीव नकोसा केलाय बघा.”

पलीकडून नुसता श्वास, सावकाश, अगदी मन लावून ऐकणाऱ्याचा.

“मग पुढे, आई?”