धसक्याचं औषध

"हळू, बाबा," फ्रा सिल्व्हानो म्हणाला. "इथे हळू बोलतात."

तोरेल्लोने मठाच्या औषधांच्या दुकानात, आपल्याच मुलाकडे, नुसत्या खोकल्याच्या गोळ्या मागितल्या होत्या. पण त्या अशा मागितल्या, की फळीवरच्या काचेच्या बरण्या किणकिणल्या आणि मुलाने चटकन जवळच्या बरणीच्या झाकणावर तळवा ठेवला. आता म्हाताऱ्याचा तरी काय दोष? जन्मभर त्याने खेचरांवर लादून जंगलातली लाकडं खाली उतरवली. त्याने या डोंगरावरून हाक मारली की त्या डोंगरावरचं खेचर थांबायचं, वाटेतली माणसंही थांबायची.

खोकला त्याला नव्हताच. बाहेर गाडीत त्याची मुलगी दिना बसली होती. तिने सकाळीच त्याला दाढी करायला लावली, धुतलेला सदरा घालायला लावला आणि घाटातल्या वळणावळणाला एकच वाक्य पढवलं. सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे, तू येशील का, एवढंच म्हणायचं, बाबा. त्याच्या पुढे काही नाही.

तोरेल्लोला ऑपरेशनची भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. गुंगीचं औषध देतील तेव्हा मुलगा उशाशी असावा, इतकंच त्याला हवं होतं. पण सुंभ जळाला तरी पीळ थोडाच जातो! पोरगा घर सोडून मठात आला, 'फ्रा' म्हणजे साधूबंधू झाला, तेव्हा तुमच्या त्या काढ्याच्या दुकानाची पायरी चढणार नाही, असं हा गरजला होता. इतकी वर्षं चढलाही नव्हता. मग आता नुसतं भेटायला आलो असं कसं म्हणणार? म्हणून खोकला.

फ्रा सिल्व्हानोने ज्येष्ठमधाच्या गोळ्या तराजूत टाकल्या. मुलाचे केस पिकलेत हे तोरेल्लोला आत्ता दिसलं. तो बोलायला घसा खाकरणार, तेवढ्यात गावातली झेलिंदा आजी नातीला ओढत आत आली. पोरीच्या अंगावर कुत्रा धावून आला होता, तेव्हापासून तिची उचकी थांबत नव्हती.

मुलगा पांढरा झगा सावरत पोरीसमोर उकिडवा बसला. साखरेच्या खड्यावर त्याने लाल अर्काचे थेंब सोडले आणि खडा तिच्या तोंडात ठेवला. लवंग, दालचिनी आणि गुलाब, असा वास दुकानभर पसरला.

तो वास तोरेल्लोच्या घरातला होता. स्वयंपाकघरातल्या कपाटात, पिठाच्या डब्यामागे त्याची बायको याच अर्काची बाटली लपवून ठेवायची. संध्याकाळी खेचरं बांधून तो घरात यावा, तर पोराचे ओठ लाल. मी जंगलात हाडं मोडतो आणि तू याला गोडधोड चारतेस, म्हणून तो तिच्यावर ओरडायचा. दुसऱ्या दिवशी पोराचे ओठ पुन्हा लाल दिसायचे.

आज मात्र त्याला ती आठवण बरी वाटली. बोलायला विषय मिळाला. तो मोठ्या ऐटीत आजीला म्हणाला, की हे लाडाचं सरबत आमच्या घरी कायम असायचं, माझी बायको याला रोज पाजायची.

"लाडाचं कुठलं?" झेलिंदा आजी म्हणाली. "धसक्याचं औषध आहे ते. पोरं घाबरली की देतात. कडू असतं तर प्यायली नसती, म्हणून साधूंनी गोड केलंय. आणि रोज? काय रे सिल्व्हानो, एवढा कशाला भ्यायचास तू?"

फ्रा सिल्व्हानो गोळ्यांची पुडी बांधू लागला.

"कुत्र्याला भीत असेल," तोरेल्लो म्हणाला. "नाहीतर विजांना."

"कुत्र्यांना मी कधीच भ्यालो नाही, बाबा."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर द्यायला तोरेल्लोला येत होतं. झेलिंदा आजीला काय समजायचं ते समजलं. तिने नातीचं तोंड पुसलं, पोरीची उचकी थांबली होती. मग मठाला दुवा देत तिने काढता पाय घेतला.

दुकानात आता दोघंच होते. तोरेल्लोला इतकी लाज वाटत होती की मान वर करवेना. तरी दिनाने पढवलेलं वाक्य त्याला आठवत होतं, शब्द न शब्द आठवत होता. त्याने मोठा श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

आवाज अजून फुटलाही नव्हता, तोवर मुलाचा तळवा बरणीच्या झाकणावर गेला. तो मुद्दाम नेला नव्हता, आपोआपच गेला होता. तोरेल्लोने तो पाहिला आणि तोंड मिटलं.

"आणखी काही हवं होतं का, बाबा?"

म्हाताऱ्याने नुसती मान हलवली, पुडी उचलली आणि दार हलकेच लोटून बाहेर पडला. मुलगा दारापर्यंत आला होता, पण तोरेल्लोने मागे वळून बघितलं नाही.

त्याला येताना पाहून दिनाने गाडी सुरू केली. तो आत बसतो न बसतो, तोच तिने विचारलं, विचारलंत का, येतोय का तो? तोरेल्लो पुडीची गाठ चाचपत राहिला. अहो, एवढं एक वाक्य, ती वैतागली, तेही जमलं नाही तुम्हाला?

"मला हळू बोलता येत नाही गं," तो म्हणाला.

ते त्याने इतक्या हळू म्हटलं, की दिनाला इंजिन बंद करून पुन्हा विचारावं लागलं.