तांबडा काटा

वीज कंपनीच्या साहेबाने कागद पुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं. आदगोंडाने चष्मा लावला. सांगलीतली त्याची हळद पॉलिश करायची गिरणी पुढे चालायची की दिवाळीआधीच तिला कुलूप लागायचं, ते या कागदावर ठरणार होतं.

मीटरमध्ये एक तांबडा काटा असतो. विजेचा भार चढला की तो चढतो, पण भार उतरला तरी हटून वरच बसतो. श्रावणात एका संध्याकाळी तो नेहमीच्या दुपटीवर गेला, आणि कंपनीने त्याच मापाने वर्षभराची आकारणी लावली. आदगोंडाने तीन अर्ज केले. महायुद्ध संपल्यावर एकदाचं सिमेंट मिळालं म्हणून नवं गोदाम काढलं होतं, पायातलं पाणी उपसायचे पंप त्या बांधकामापुरतेच आणले होते, पाया भरला तसे ते परतही गेले. सगळं खरं होतं. नियमाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

साहेब माणूस वाईट नव्हता. पंप लावलेच नव्हते, काटा आपोआप अडकला, एवढं लिहून दिलं तर आकारणी रद्द करतो म्हणाला. तसं टाइपही करून ठेवलं होतं.

"काटा किती वाजता अडकला म्हणून लिहू?" त्याने विचारलं.

वेळ आदगोंडा विसरणं शक्य नव्हतं. जैनाच्या रीतीने तो दिवस असतानाच जेवायला बसला होता. दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात पायाच्या खड्ड्याची कड ढासळली. खोदकामाचा गडी धुळा याचा पाय दगडाखाली सापडला आणि पाणी छातीला लागलं. आदगोंडा उष्ट्या हाताने धावला. पंप लावताना एरवी तो गिरणी बंद ठेवायचा; त्या दिवशी ते भान राहिलं नाही, त्याने दोन्ही पंप सुरू केले. धुळा वर आला तेव्हा दिवस मावळला होता. ताट तसंच राहिलं.

"दिवस बुडायच्या येळंला," तो म्हणाला.

दाराशी धुळा काठी टेकून उभा होता. "करा की सही, मालक," तो हळूच म्हणाला. "मी कुनाला सांगाय जातोय व्हय?"

आदगोंडाने टाक उचलला आणि टाइप केलेल्या ओळींवर आडवी रेघ ओढली. खाली भार वाढल्याच्या कारणाचा रकाना कोरा होता. त्यात त्याने लिहिलं, "खड्ड्यात माणूस होता."

मग सही केली.