टाकीतले डोहाळे

"आई, मासे बुजतील गं!" मी ओरडलो, तरी तिने फिशटँकच्या काचेला कुंकू लावलंच. वर्षभराच्या खटपटीनंतर माझ्या लोच माशांतल्या मादीचं पोट फुगलं होतं. आईने थेट डोहाळजेवणच मांडलं.

तेवढ्यात नराचंही पोट टम्म दिसलं.

"जुळी असतील, वाटून घेतली," आई म्हणाली.

जेवायची वेळ झाली. मधुमेही बाबा उकडलेल्या दुधीची वाटी घेऊन टँकशेजारी बसले. एरवी मला बघून दगडाखाली दडणारे सगळे लोच धावत काचेपाशी आले आणि बाबांच्या हाताकडे बघत बसले.

आईने मासे पाहिले, वाटी पाहिली, मग पदराने काचेवरचं कुंकू पुसलं.

"उद्यापासून कारलं."

बाबांनी मोठ्या आशेने नराकडे पाहिलं.