मागचे ब्रेक

सकाळी आठला बाबांनी अंगणात जॅक लावून जुन्या गाडीचं मागचं चाक काढलं. गाडी आज लेकीला द्यायची होती. सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन ती त्याच गाडीतून सासरी परतणार होती. पुढचे ब्रेक गाडीचा मॉडेल नंबर बघून आणले तसे चटकन बसले. मागचे मात्र तिसऱ्यांदा बदलून आणूनही बसेनात. वैतागून त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

"पुन्हा चुकीचा माल माझ्या गळ्यात मारलात!"

"काका, माल बरोबर आहे. मागच्या सीटखालचं मॅटिंग उचलून बघा बरं."

मॅटिंगखाली या दारापासून त्या दारापर्यंत वेल्डिंगची जाड रेघ गेली होती.

"दिसली ना? ठोकलेल्या दोन गाड्यांचे अर्धे अर्धे भाग जोडलेत, मागचा भाग दुसऱ्याच मॉडेलचा आहे. आता गपचूप विकून टाका. रंग चांगला आहे, गिऱ्हाईक मिळेल."

बाबांनी फोन बंद केला. चार वर्षं ते घरादाराला याच गाडीतून फिरवत होते.

"बाबा, संपलं का तुमचं ऑपरेशन?" लेक बाळाला कडेवर घेऊन दारात आली.

"नाही गं. तू टॅक्सीने जा."

टॅक्सी वळणाआड गेल्यावर त्यांनी शेजाऱ्याकडून पत्रा कापायचं मशीन आणलं आणि त्याच रेघेवरून गाडीचे पुन्हा दोन तुकडे केले.