पहिला नंबर

जळोचीच्या शंभूराजनं एका जपानी पॉप ग्रुपमधल्या आपल्या आवडत्या अकरा गायिकांची यादी यंदाही फेसबुकवर टाकली. त्याची लाडकी मिओ कुणाच्या तरी प्रेमात पडली, म्हणून ग्रुपच्या नियमानं तिला काढून टाकलं होतं. तरी त्यानं पहिला नंबर तिलाच दिला. खाली लिहिलं, 'प्रेम केलं म्हणून पोरीचं नाव कापायचं?'

तेवढ्यात वडिलांनी त्याच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ पुढं केलं. "नावं नीट बघ. एखादं ऱ्हायलं तर माणसं रुसत्यात."

चुलते, मावश्या, भाचरं, सगळी नावं त्यानं बोट ठेवून वाचली. मागच्या साली आपल्या मर्जीनं लग्न केलेल्या थोरल्या बहिणीचं, रेश्माताईचं, नाव कुठंच नव्हतं.



"बरोबर हाय, आबा. छापायला टाका."