रोमानची कबर

आमच्या गावची दोन पोरं युद्धात बाखमुतजवळ एकाच खंदकात होती. रोमान पेटीतून परत आला. पेटी उघडू नका, ओळख अंगावरच्या जॅकेटवरून पटवलीय, असं सांगितलं. ओस्ताप बेपत्ता. "जिवंत असण्याची शक्यता निम्मी धरा," लष्कराचा साहेब म्हणाला.

दोन वर्षं दर रविवारी रोमानची आई ल्युबा कबरीवर चॉकलेटं ठेवायला जायची. ओस्तापची आई राईसा सोबत जायची, पण दफनभूमीच्या गेटबाहेरच थांबायची.

"आत ये की गं."

"नको बाई. माझं इथं कुणी नाही."

परवा कैद्यांची अदलाबदल झाली आणि काल रोमान गावात उतरला. नुसती हाडं उरलेली, पण जिवंत. ल्युबाच्या आधी राईसाच त्याला बिलगली.

"म्हणजे माझा ओस्तापही येईल. येईल ना रे?"

रोमानने मान खाली घातली. "मावशी, त्याला फार थंडी वाजत होती. माझं जॅकेट मी त्याला दिलं होतं."



आज रविवार नाही. तरी राईसा चॉकलेटं घेऊन निघाली, आणि गेटपाशी थांबली नाही.